जुने चित्रपटगीत इतिहासाच्या कानाने कसे ऐकावे

सुरुवातीला 'अलबेला' (1951) मधले 'शोला जो भडके' लावावे आणि पहिल्या खेपेस गायकांकडे मुद्दाम दुर्लक्ष करावे. लता मंगेशकरांच्या चाहत्यांना ही सूचना जड जाईल, पण मुखड्याआधी आणि कडव्यांच्या मध्ये जे वाजते तेच येथे आपल्याला हवे आहे. बोंगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट असे जे वाद्य ओळखू येईल ते कागदावर लिहावे आणि त्यापुढे एक प्रश्न लिहावा: त्या काळी हे वाद्य वाजवायला माणूस शिकला कुठे?

पुष्कळदा उत्तर गोव्यातील चर्चच्या गावशाळेत सापडते. पोर्तुगीज राजवटीत तेथे मुलांना प्रार्थनागीतांसाठी व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जाई. गावात पोट भरण्यासारखे काम नसल्याने हे तरुण मुंबईला येत, धोबीतलाव परिसरातील आपापल्या गावच्या कूडांमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक निवासांत, राहत आणि हॉटेलांच्या नृत्यवृंदांत वाजवत. 1949 च्या कायद्याने दारूबंदी आल्यावर या नृत्यगृहांची रया गेली, तर चित्रपटांच्या स्टुडिओंना मात्र लिहिलेले स्वर पाहताक्षणी वाजवणारे वादक हवेच होते.

पुढची पायरी अरेंजरचा, म्हणजे चाल वाद्यांत बसवणाऱ्याचा, शोध घेण्याची. येथे श्रेयनामावलीवर विसंबू नये, कारण अरेंजरचे नाव त्यात बहुधा सहायकांमध्ये असते किंवा मुळीच नसते. शंकर-जयकिशन यांच्या वाद्यमेळामागे सेबॅस्टियन डिसोझा होते. 'अलबेला'चे संगीतकार सी. रामचंद्र अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातील पुणतांब्याचे. त्यांच्यासोबत काम केलेला ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे गोव्यातील हळदोण्याचा आंतोनियो शाव्हियेर वाझ, त्या चित्रपटात आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. गोव्यातील माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक व अरेंजर अँथनी गोन्साल्विस यांचे नाव मात्र त्यांचे शिष्य, संगीतकार प्यारेलाल यांच्यामुळे 1977 मध्ये 'अमर अकबर अँथनी'तील एका गाण्याच्या मुखड्यातच जाऊन बसले, आणि तरीही ते कल्पित पात्राचे नाव आहे असे समजणारे आजही भेटतात. अर्थात सगळे श्रेय अरेंजरला देऊन टाकण्याचा उलटा मोहही टाळावा. चाल संगीतकाराचीच असे. ती वाद्यांत कशी बसवायची, हे काम वेगळे होते.

त्यानंतर निरर्थक वाटणाऱ्या शब्दांकडे वळावे. 'आशा' (1957) मधील 'ईना मीना डीका'मध्ये 'माका नाका' असे शब्द येतात. बहुतेक श्रोते ते बडबडगीत म्हणून सोडून देतात, पण ती साधी कोकणी आहे: 'मला नको'.

शेवटी चालीचा माग काढावा. हे काम सावकाश करावे, कारण 'चाल चोरली' एवढाच निष्कर्ष काढून थांबले तर हाती काहीच लागत नाही. 'बॉबी' (1973) मध्ये सोने-चांदी नको म्हणणारे, 'घे घे' अशी ललकारी असलेले गाणे आहे. त्यामागे 'हांव सायबा पल्तडी वैतां' हे कोकणी 'देखणी' गीत, म्हणजे गोव्यातील एका नृत्यगीत प्रकारातले गाणे, आहे. देखणीचा बाज स्वतःच मिश्र आहे: रचनाकार कार्लुस एवझेनियो फेरेरा ख्रिस्ती, स्वरलेखन पाश्चात्त्य वळणाचे, आणि गाण्यातली नायिका मात्र दामूच्या लग्नाला निघालेली हिंदू कलावंतीण. गोव्यातील दोन्ही समाज एकमेकांकडे कोणत्या नजरेने पाहत होते, ते या रचनेतून थोडेफार कळते. दोन्ही गाणी लागोपाठ ऐकावीत आणि देवघेवीचा प्रसंग ताडून पाहावा. देखणीत नदीपलीकडे जाण्यासाठी कलावंतीण नावाड्यापुढे अंगावरचे दागिने धरते, 'घे घे' म्हणते, आणि तो तिला उत्तर देतो: 'माका नाका गो'.