म्युटेशनने प्रोटीनची जोडी कशी बदलते ते लॅपटॉपवर कसं बघायचं, हिमोग्लोबिन घेऊन

कॉलेज रोडला मी संध्याकाळी बीएस्सीच्या पोरांच्या शिकवण्या घेतो. मागे एकदा सुरगाण्याकडची एक मुलगी, इथे होस्टेलला राहते, स्वतःचा एचपीएलसीचा (रक्तात कुठलं हिमोग्लोबिन किती टक्के ते सांगणारी तपासणी) रिपोर्ट घेऊन आली. सिकलसेल वाहक, म्हणजे एएस, एक जीन नॉर्मल हिमोग्लोबिनचा (ए), एक सिकलसेलचा (एस). घाबरलेली वगैरे अजिबात नव्हती, तिचा प्रश्नच वेगळा, "सर, एक जीन आईकडून एक बाबांकडून, मग एस पन्नास टक्के यायला पाहिजे ना, इथे ३७ कसा?" म्हटलं बस, हे स्क्रीनवरच बघू. त्या दिवशी जे केलं तेच खाली लिहितोय, कोणाचा प्रोजेक्ट असेल तर कामाला येईल.

सॉफ्टवेअर काही उतरवायचं नाही. आरसीएसबीच्या प्रोटीन डेटा बँकेच्या साइटवर (प्रोटीनचे थ्रीडी आकार तिथे ठेवलेले असतात) जायचं, सर्चमध्ये इंग्रजी अक्षरांत २एचएचबी (2HHB) टाकायचं, हे ऑक्सिजन नसलेलं नॉर्मल माणसाचं हिमोग्लोबिन, आणि थ्रीडीवाला टॅब उघडायचा. मोबाइलवर पण चालतं पण डोळ्यांना त्रास, लॅपटॉपच घ्या. चार चेन (अमिनो ॲसिडच्या साखळ्या) दिसतील, ए आणि सी अल्फा (१४१ अमिनो ॲसिड), बी आणि डी बीटा (१४६). चौघं सुटे सुटे एकत्र येत नाहीत हं. आधी एक अल्फा एक बीटा अशी घट्ट जोडी जमते, मग अशा दोन जोड्या एकमेकींना टेकतात, आणि हा दुसरा सांधा जरा सैल असतो, ऑक्सिजन आला गेला की तोच सरकतो. ए-बी घट्ट जोडी, ए-डी सरकणारा सांधा, एवढं वहीत लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

आता नंबरची भानगड, इथे मी स्वतः तोंडावर पडलोय. सिकलसेलचं म्युटेशन (जीनमधला बदल) जुन्या पुस्तकात बीटा ६, म्हणजे बीटा चेनच्या सहाव्या जागी ग्लुटामेट हे अमिनो ॲसिड जाऊन व्हॅलिन. आजकालच्या जेनेटिक रिपोर्टमध्ये तेच ७ लिहितात, कारण ते सुरुवातीचं मिथिओनिन मोजतात, जे तयार प्रोटीनमधून कापलं जातं. मी रिपोर्ट बघून स्ट्रक्चरमध्ये ७ वर क्लिक केलं, तिथे ग्लुटामेट दिसलं, म्हटलं बरोबर आहे, आणि अर्धा तास चुकीच्या जागेचं लेक्चर दिलं. कारण ६ ला पण ग्लुटामेट आणि ७ ला पण ग्लुटामेट! दुसरं काही असतं तर लगेच कळलं असतं. म्हणून फक्त अक्षर (स्क्रीनवर प्रत्येक अमिनो ॲसिडला एक इंग्रजी अक्षर असतं) जुळलं म्हणून पुढे जायचं नाही, आजूबाजूची चार अक्षरं पण जुळवून बघा. इथे सुरुवात व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन अशी आहे, प्रोलिननंतरचं पहिलं ग्लुटामेट ते आपलं.

मग पहिला प्रश्न काय विचारायचा? पोरं लगेच विचारतात कोणतं अमिनो ॲसिड बदललं. ते नंतर. आधी जागा कुठली ते बघा. वरच्या पट्टीत त्या अक्षरावर क्लिक केलं की शेजारी कोण कोण आहे ते दिसतं, बाँड असले तर तुटक रेषांनी. शेजारी सगळे स्वतःच्याच चेनचे आणि गच्च भरलेले असतील तर जागा आतली. दुसऱ्या चेनचे असतील तर सांध्यावरची. अर्धी बाजू मोकळी असेल तर बाहेरची.

आतलं म्हणजे बीटा ४२ बघा, फिनाइलॲलॅनिन, हीमला (ऑक्सिजन धरणारा लोहवाला भाग) अगदी चिकटून बसलेलं. त्याचं सेरिन झालं की हीम टिकत नाही, प्रोटीन विस्कटतं आणि लाल पेशीत त्याच्या गुठळ्या होतात. इथे घडीच बिघडली, जोडीचा विषय नंतरचा.

सांध्यावरचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. डी चेनचा ९९ नंबर, ॲस्पार्टेट, क्लिक करा, समोर ए चेनचा टायरोसिन ४२ दिसेल आणि मधे हायड्रोजन बाँड. हा बाँड ऑक्सिजन नसतानाच्या आकाराला धरून ठेवतो. ९९ ला ॲस्पॅराजिन आलं की पकड गेली, हिमोग्लोबिन ऑक्सिजन पकडलेल्याच अवस्थेत रमतं, पेशींना सोडतच नाही, मग शरीर जास्त लाल पेशी बनवत बसतं. आणि तिथून तीनच घरं पुढे, १०२ ला ॲस्पॅराजिनचं थ्रिओनिन झालं तर नेमकं उलटं, ऑक्सिजनवाल्या आकाराचा बाँड तुटतो, ऑक्सिजन नीट पकडलाच जात नाही आणि माणूस निळसर दिसतो. म्हणजे सांधा तोच, पण कुठल्या अवस्थेतला बाँड गेला त्यावर सगळा खेळ.

आता बीटा ६. क्लिक केलं की हिरमोड होतो, बाहेर मोकळ्यावर बसलंय, सांध्याचा काही संबंध नाही. हिमोग्लोबिनचे हजाराहून जास्त बदल माहीत आहेत आणि बाहेरचे बरेचसे निरुपद्रवी, मग याच्यात काय विशेष? दुसऱ्या टॅबमध्ये २एचबीएस (2HBS) उघडा, हे सिकलवालं. यात चार नाही, आठ चेन दिसतील, म्हणजे दोन अख्खी हिमोग्लोबिन शेजारी शेजारी. बीटा चेनचे ६ नंबर एकेक करून क्लिक करत जा, त्यातला एक व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिनच्या बीटावरच्या खाचेत घुसलेला सापडेल, फिनाइलॲलॅनिन ८५ आणि ल्युसिन ८८ च्या मधे. मिसळीची तर्री बघा, रश्शात कितीही ढवळा, तेलाचे थेंब शेवटी एकमेकांनाच धरतात, तसंच. ग्लुटामेटला चार्ज होता, ते पाण्यात खूश होतं, व्हॅलिन तेलकट. ही खाच नॉर्मल हिमोग्लोबिनमध्ये पण असते बरं का, फक्त तिच्यात शिरणारं कोणी नसतं, आणि ऑक्सिजन सुटल्यावरच्या आकारातच ही जुळणी नीट बसते. मग एकाला एक चिकटत दोरखंड तयार होतो, १४ पदरी, आणि पेशी विळ्यासारखी वाकते. म्हणजे जुनी जोडी शाबूत, नको ती नवीन जोडी जमली.

अल्फाफोल्डमध्ये (अमिनो ॲसिडच्या क्रमावरून प्रोटीनचा आकार सांगणारा प्रोग्राम) बदललेलं सिक्वेन्स टाकून "सर काहीच फरक नाही" असं म्हणणारे दरवर्षी दोघं-तिघं असतातच. एकट्या चेनची घडी बदलतच नाही तर दिसेल काय, शेजारी घेऊन बघा.

राहिला तिचा ३७. जीन दोन्ही चालू, आणि दोन्ही प्रकारच्या बीटा पण जवळपास सारख्याच बनतात, पण अल्फाशी जोडी जमताना स्पर्धा होते. अल्फाचा कल पॉझिटिव्ह चार्जकडे, नॉर्मल बीटाचा निगेटिव्हकडे, म्हणून ओढ जास्त. एसवाल्या बीटाचा एक निगेटिव्ह चार्ज गेलाय, ती जोडीला मागे पडते, आणि बिनजोडीच्या राहिलेल्या चेन पेशी मोडून टाकते. म्हणून एएसमध्ये एस साधारण ३५ ते ४०. तिने लगेच विचारलं, "मग अल्फाच कमी असतील तर?" तर स्पर्धा अजून वाढते आणि एस ३० च्या आसपास किंवा खाली जातो, अल्फा थॅलेसेमिया (अल्फा चेन कमी बनतात तो प्रकार) सोबत असलेल्यांच्या रिपोर्टमध्ये हे दिसतं. तिच्या भावाचा २९ आलेला म्हणे, आणि लॅबवाल्याने चुकवला असं घरी सगळे धरून बसले होते.