मटणाच्या मसाल्यात सोयाबीन, कुयरी आणि सुरण: या चुका टाळा

२०२३ साली श्रावण अधिक आला आणि आमच्या घरी अधिक व निज असे दोन्ही महिने पाळायचे ठरले. जून-जुलैतल्या मासेमारी बंदीमुळे ताजी मासळी आधीच दुर्मीळ झालेली होती, त्यावर हे दोन महिने. तेव्हा कुडाळच्या बाजारातून सोयाबीनच्या वड्यांची दोन पाकिटे आणून मी त्या थेट मटणाच्या मसाल्यात शिजवल्या. रश्श्याचा वास पडवीपर्यंत गेला होता, पण पहिल्या घासालाच वडी दाताखाली दबली आणि तिच्यातून कोमट, कच्च्या पिठाच्या चवीचे पाणी निघाले. सासूबाईंनी ताटातली एक वडी दोन बोटांत धरून दाबली, तिच्यातून वाटीत ठिबकलेले पाणी मला दाखवले आणि म्हणाल्या, “रस्सो बरो आसा गो, पण ह्या पिळूक इसारलंस?”

मटण रश्श्याला देते आणि सोयाबीन रश्श्याकडून घेते, हे मला त्या दिवशी कळले. मटण शिजताना त्यातली चरबी सुटते, हाडांचा रस उतरतो आणि रस्सा आपोआप दाट व चवदार होतो. सोयाबीनची वडी मात्र तेल काढून उरलेल्या सोयाबीनच्या पिठाची असते. तिच्यात स्निग्धांश एक टक्क्याच्या आसपासच उरतो आणि स्वतःची म्हणावी अशी चव जवळजवळ नसते. म्हणून मटणाच्या कृतीतले फक्त मटण काढून त्या जागी वडी टाकली, तर तेल, मीठ, पाणी आणि वेळ या चारही गोष्टींचा हिशेब चुकतो. या लेखातल्या बहुतेक चुका त्याच एका गैरसमजातून आलेल्या आहेत.

वडी भिजवणे आणि पिळणे

चार माणसांच्या जेवणाला शंभर ग्रॅम कोरड्या वड्या पुरतात, कारण पाणी पिऊन त्या वजनाने अडीच-तीन पट होतात. पाकीट लहान दिसते म्हणून दोन ओतण्याची चूक मी केली होती आणि पातेल्यात रस्सा शोधावा लागला होता. दीड लिटर पाणी उकळून त्यात चमचाभर मीठ घालावे, वड्या पाच-सहा मिनिटे उकळाव्यात आणि आच बंद करून दहा मिनिटे तशाच झाकून ठेवाव्यात. नंतर ते पाणी ओतून द्यावे, कारण सोयाबीनचा तो उग्र, कच्चा वास बराचसा त्याच पाण्यात उतरलेला असतो. वड्या गार पाण्यात घालून मूठ-मूठभर घेऊन दोन्ही तळहातांत घट्ट दाबाव्यात, पुन्हा गार पाण्यात सोडाव्यात आणि पुन्हा पिळाव्यात. पहिल्या खेपेला पाणी पिवळसर आणि फेसाळ निघते. ते स्वच्छ येईपर्यंत थांबू नये. वडी चेपून चपटी झाली तरी घाबरण्याचे कारण नाही, रश्श्यात पडल्यावर ती पुन्हा फुगते. आतले पाणी निघाले नाही, तर मसाल्याला आत शिरायला जागाच उरत नाही, मग रस्सा कितीही झणझणीत असला तरी वडी पाणचटच लागते.

पिळलेल्या वड्या लगेच रश्श्यात टाकणे ही दुसरी चूक होय. त्यांना आले-लसूण, हळद, मालवणी मसाला आणि दोन चमचे दही चोळून अर्धा तास ठेवावे, आणि मग तेलात कडा तांबूस होईपर्यंत परतावे. परतल्याने बाहेरून किंचित चिवटपणा येतो आणि वडी चावताना स्पंजासारखी वाटत नाही. मीठ मात्र जपून घालावे, कारण वड्या खाऱ्या पाण्यात उकळलेल्या असतात. सोयाबीनचा बारीक चुरा खिम्यासाठी वापरायचा असेल, तर त्याला गरम पाण्यातली पाच मिनिटे पुरेशी आहेत. जास्त उकळला की त्याची पेज होते.

वाटण चुकले की सगळेच चुकते

आपल्याकडे कोकणात मटणाचे वाटण आणि माशाचे वाटण ही दोन वेगळी कुळे आहेत. मटणासाठी सुके खोबरे आणि कांदा वेगवेगळे भाजून, धणे, बडीशेप, लवंग, मिरी यांच्याबरोबर वाटतात. माशाच्या कढीला ओले खोबरे कच्चेच वाटतात, त्यात मिरच्या, धणे व हळद असते आणि वरून आमसूल पडते; बांगडा असेल तर तिरफळे, म्हणजे उग्र वासाची सुकी मसाल्याची फळे, चार हलकी ठेचून टाकतात. गडबडीत या दोन कुळांची सरमिसळ होते. सोयाबीनच्या रश्श्यात तिरफळ टाकून ‘काहीतरी खास’ करण्याचा मोह अनेकांना होतो, पण भाजक्या वाटणात ते उपऱ्यासारखे लागते. उलट सुरण किंवा नीरफणस (विलायती फणस) माशाच्या तिखल्यासारखा, म्हणजे दाट व तिखट, करायचा असेल, तर तिरफळाशिवाय तो अपुरा वाटतो.

भाजताना कांदा आणि खोबरे एकाच वेळी कढईत घालू नये, कारण कांद्यातले पाणी आटेपर्यंत खोबरे करपते आणि वाटण कडू होते. कांदा तेलात गडद तपकिरी होऊ द्यावा, तो काढून त्याच कढईत खोबरे मंद आचेवर बदामी करावे. वाटण परतताना त्याला कडेने तेल सुटेपर्यंत हात थांबवू नये; मटणात तेलाची उणीव चरबी भरून काढते, इथे ती आपल्यालाच भरून काढायची आहे. नेहमीपेक्षा दोन चमचे तेल जास्त घालावे, किंवा शेवटी अर्धी वाटी नारळाचे घट्ट दूध घालून एक हलकी वाफ काढावी. खळखळून उकळले तर दूध फुटते. ज्या घरांत श्रावणात कांदा-लसूणही वर्ज्य असतो, तिथे खोबऱ्याबरोबर चमचाभर खसखस भाजून घ्यावी आणि फोडणीला हिंग द्यावा. चव वेगळी होते, पण रस्सा पातळ पडत नाही.

कुयरी आणि फणस

फणसाला ‘शाकाहारी मटण’ म्हणून शहरात आता मोठा भाव आला आहे. आपल्याकडे कुयरी, म्हणजे कोवळा फणस, फेब्रुवारी-मार्चपासूनच ताटात येते आणि तिने कुणाचे सोंग घ्यावे असे कुणाला वाटत नाही. तरी रश्श्यासाठी ती घ्यायची असेल, तर वय बघावे. अगदी कोवळी कुयरी ठेचून भाजीलाच चांगली, रश्श्यात तिचा लगदा होतो; जून फणसात गरे धरू लागलेले असतात आणि गोडसरपणा मसाल्याशी भांडतो. आठळी धरली आहे पण सुरीने सहज कापली जाते, अशा मधल्या वयाचा फणस रश्श्यात तंतू धरून राहतो. चिरताना हाताला आणि विळीला खोबरेल तेल लावावे, नाहीतर चीक दोन दिवस सुटत नाही, आणि फोडी लगेच मिठाच्या पाण्यात टाकाव्यात म्हणजे काळ्या पडत नाहीत. कुकरला एक शिट्टी पुरते.

फणसाने पोट भरते, पण तो प्रथिनांच्या बाबतीत मटणाची जागा घेत नाही, ही गोष्ट मात्र घरात कुणीतरी लक्षात ठेवावी. शंभर ग्रॅम कोरड्या सोयाबीन वडीत सुमारे ५० ग्रॅम प्रथिने असतात, तर तेवढ्याच कच्च्या फणसात ती जेमतेम दोन ग्रॅम. म्हणून कुयरीच्या दिवशी जोडीला डाळ, वाटाणे किंवा निदान ओले काजूगर असावेत. ज्यांनी मासे आणि मटण कायमचे सोडले आहे आणि दूध-दहीही फारसे घेत नाहीत, त्यांनी ‘ब-१२’ जीवनसत्त्वाविषयी डॉक्टरांना विचारावे. ते वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही.

काप आणि वाटाणे

तव्यावरच्या सुरमईची आठवण सुरण आणि नीरफणसाचे काप जितकी काढून देतात, तितकी दुसरी कोणतीही भाजी देत नाही. सुरण घशाला खाजतो तो त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कणांमुळे. म्हणून बोटभर जाडीचे काप आमसुले घातलेल्या पाण्यात उकळून अर्धे शिजवावेत, निथळून कोरडे करावेत आणि मग हळद, तिखट, मीठ व कोकमाचा आगळ (खारा रस) लावावा. काप ओले असताना रव्यात घोळवणे ही इथली नेहमीची चूक. रवा सुटून तेलात जळतो आणि काप उघडे पडतात. नीरफणसाला एवढी उठाठेव लागत नाही, त्याचा मधला दांडा काढून काप पाण्यात ठेवले की पुरे.

काळ्या वाटाण्याचे सांबार तर मटणाचा पर्याय म्हणून कुणी शोधून काढलेले नाही, पण तळलेल्या मालवणी वड्यांबरोबर ते मटणापेक्षा कमी पडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. वाटाणे रात्रभर भिजवावेत आणि पूर्ण शिजल्याशिवाय आमसूल घालू नये, कारण आंबटाने कडधान्याचे साल कडक राहते. अळंबी मोठ्या आचेवर, थोडी-थोडी करून परतावीत आणि मीठ शेवटी घालावे. रानातली अळंबी ओळखणाऱ्या माणसाकडूनच घ्यावीत.

गोठवलेले तयार ‘शाकाहारी कबाब’ किंवा ‘चिकनसारखे’ तुकडे आणणार असाल, तर हिरवा ठिपका बघून थांबू नये. त्यांत गव्हाचे प्रथिन, दूध, कांदा-लसूण यांपैकी काहीही असू शकते आणि मीठ तर बहुधा असतेच. घरात कुणाला गहू किंवा सोयाबीन सोसत नसेल, तर मागची बारीक अक्षरे वाचावीत.

राहता राहिले शिळ्याचे. मटणाचा रस्सा दुसऱ्या दिवशी मुरून अधिक चांगला लागतो, म्हणून सोयाबीनही रात्रभर रश्श्यात ठेवले जाते, आणि सकाळी पातेल्यात फुगलेल्या वड्या व तळाशी चिकटलेले वाटण एवढेच दिसते. रात्री वाढून झाल्यावर एक वाटी रस्सा वेगळा काढून ठेवावा. सकाळी वड्यांत पाऊण वाटी गरम पाणी घालून त्या मंद आचेवर मोकळ्या कराव्यात, मग राखलेला रस्सा ओतावा आणि आंबोळी तव्यावरून उतरली की लगेच वाढावे.