जुनी फियाट घेताय? इंजिन सगळ्यात शेवटी ऐका

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं इंजिन बोअरिंगचं वर्कशॉप आहे. रोजचं काम ऑईल इंजिन आणि ट्रॅक्टरचं. पण मधूनच कुणीतरी पद्मिनीचा नाहीतर मारुतीचा इंजिन ब्लॉक घेऊन येतो, आणि त्याच्या मागोमाग दुसरा येतो: "दादा, एक गाडी बघितलीय, जरा चला की." गेलं की ठरलेला कार्यक्रम. विकणारा बॉनेट उघडतो, सेल्फ मारतो आणि म्हणतो, "ऐका, घड्याळागत चालतंय." मी तोवर गोणपाट अंथरून गाडीखाली शिरलेला असतो.

इंजिन कोल्हापुरात कधीही उभं करता येतं, म्हणून ते मागं ठेवतो. रिबोअर, स्लीव्ह, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह सीट, सगळं उद्यमनगरात नाहीतर शिरोली एमआयडीसीत होतं. पण खाऊन गेलेला फ्लोअर, न मिळणारी मागची काच आणि वारलेल्या मालकाच्या नावावरचं आरसी बुक लेथवर बनत नाही. म्हणून माझा क्रम असा: पत्रा, कागद, मग इंजिन.

त्याआधी समोर काय उभं आहे ते ओळखा. फियाट म्हणजे एकच गाडी नव्हे. आपल्याकडे 'डुक्कर फियाट' म्हणतात ती पन्नासच्या दशकातली, गोल पाठीची. तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असतात, दार उलटं उघडतं. 1964 ला '1100 डिलाइट' आली. तीच पुढं थोडे दिवस 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि 1974 पासून 'पद्मिनी' झाली. गाडी बनायची मुंबईत कुर्ल्याला, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर कंपनीत. इंजिन 1089 सीसी, गिअर स्टिअरिंगजवळ. शेवटच्या काळातल्या 'एस-वन'मध्ये गिअर खाली आला. तुम्हाला जुन्या थाटाची गाडी हवी असेल तर हँडगिअरचीच, म्हणजे स्टिअरिंगजवळच्या गिअरची घ्या. खालच्या गिअरची चालवायला सोपी आहे, पण नव्वदीतली गाडी साठीची म्हणून गळ्यात मारणारे भेटतात. बुकावरचं उत्पादनाचं वर्ष बघितल्याशिवाय किमतीचं तोंडही उघडू नका.

मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची हेरल्ड 1961 ची. आधी 948 सीसी, नंतरच्या मॉडेलांमध्ये 1147. तिचं पुढचं अख्खं तोंड, मडगार्डसकट, पुढं कलंडतं, मेकॅनिकला स्वर्ग. 1972 ते 77 मधली 'गझेल' तिचीच बहीण. सुटे भाग शोधायची चिकाटी नसेल तर हिच्या वाटेला जाऊ नका.

मारुती 800 अजून रस्त्यावर दिसते म्हणून लोक तिला क्लासिक धरत नाहीत. माझ्या मते आत्ता घ्यायची गाडी तीच. पहिल्या गाडीची चावी 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींनी हरपाल सिंग यांच्या हातात दिली. ते मॉडेल एसएस-80, चौकोनी डबा, 796 सीसी, तीन सिलिंडर. 1986 ला बॉडी बदलली आणि तो आकार थोड्याफार फरकानं 2014 च्या जानेवारीत उत्पादन थांबेपर्यंत चालला. एसएस-80 जेमतेम तीन वर्षं निघाली, म्हणून तिला आता मागणी आहे.

आता पत्रा. फियाट आणि मारुती या दोन्हींना वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. म्हणजे दाराखालची पट्टी आणि फ्लोअर गंजला की गाडीचा कणाच गेला. मॅट उचला, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा. आवाज बद्द आला की तिथं थांबा. गाडी जॅकवर घ्या आणि दार उघड-बंद करून बघा. दार अडकायला लागलं तर सांगाडा वाकतोय. हेरल्डला मात्र स्वतंत्र चासी आहे, तिथं बॉडी सोडून तिला पेलणारे चासीचे आडवे हात तपासा. लहान चुंबक फडक्यात गुंडाळून मडगार्डावरून फिरवा. चिकटला नाही तिथं पत्रा नाही, लांबी म्हणजे पुट्टी भरलीय. ताजा रंग मारलेल्या गाडीपेक्षा रंग उडालेली गाडी मला बरी वाटते, ती निदान खोटं बोलत नाही.

कोल्हापूरच्या गाडीला एक जास्तीची तपासणी लागते. 2019 आणि 2021 च्या महापुरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरकडं पाणी होतं. पुरातली गाडी धुऊन चकाचक करता येते, गाळ मात्र कोपऱ्यात राहतोच. सीटच्या पट्ट्यांखाली, स्टेपनीच्या खड्ड्यात, हेडलाइटच्या आत, दाराच्या तळाशी बोट फिरवा. बारीक काळपट माती निघाली तर वायरिंग पूर्ण नवीन धरून किंमत पाडा. गगनबावडा, राधानगरीकडच्या धो-धो पावसात उघड्यावर राहिलेल्या गाडीचं छत आणि काचेच्या रबराखालचा पत्रा आधी बघा.

कागदात चासी नंबर स्वतः वाचा, पेन्सिलीनं ठसा घ्या आणि बुकाशी जुळवा. इंजिन बदललेलं असेल तर तो नंबर बुकावर चढलाय का, हेही बघा. खूप जुन्या गाड्यांची नोंद सरकारच्या 'वाहन' या ऑनलाइन यादीत दिसतच नाही. आरटीओत बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद त्यात चढवून घ्यावी लागते, आणि ते काम विकणाऱ्याकडून व्यवहाराआधी करून घ्या. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30. मूळ मालक वारले असतील तर आधी वारसाच्या नावावर, फॉर्म 31 नं. तीन भावांपैकी एकानं सही द्यायची नाही म्हटलं की गाडी त्यांच्याच गोठ्यात सडते. बेळगाव, निपाणीकडची केए पासिंगची गाडी स्वस्त दिसते, पण फॉर्म 28 ची एनओसी आणि महाराष्ट्राचा टॅक्स त्या किमतीत मिळवून बघा. खासगी गाडीचं पासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, पंधरा वर्षांनी, मग दर पाच वर्षांनी. वर पर्यावरण कर.

पन्नास वर्षांपुढच्या मूळ स्वरूपातल्या गाडीला 2021 च्या नियमानं 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो, पहिली फी 20,000 रुपये. ऐकायला भारी. पण त्या नंबरवर रोजची वापरा-वापर चालत नाही, प्रदर्शन-रॅली आणि देखभालीपुरतीच गाडी रस्त्यावर आणायची. रविवारी बायको-पोरांना घेऊन रंकाळ्यावर जायचं असेल तर साधं पासिंगच ठेवा.

आता ऐका इंजिन, तेही थंड असताना. आधीच गरम करून ठेवलेली गाडी संशयाची. डिपस्टिकवर किंवा ऑईलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली तर पाणी ऑईलमध्ये गेलंय. फियाट-मारुतीचं हेड अॅल्युमिनियमचं असतं, तापलं की वाकतं. निळा धूर म्हणजे रिंगा नाहीतर व्हॉल्व्ह सील. यातलं काहीच गाडी नाकारायचं कारण नाही, पैसे कमी करायचं आहे. मग पन्हाळ्याचा घाट चढवा. क्लच घसरतोय का, रेडिएटर उकळतोय का, हे सपाट रस्त्यावर कळत नाही. उतरताना दुसऱ्या गिअरवर ठेवून अॅक्सिलरेटर सोडा. गिअर स्वतःहून निसटला तर गिअरबॉक्स उघडायचा खर्च लिहून ठेवा.

गाडी घरी आली की पहिल्यांदा पेट्रोलचे सगळे पाइप आणि कार्बोरेटरचं किट बदला. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि फोडतं, आणि पद्मिनीत गळणारं पेट्रोल थेट गरम इंजिनावर पडतं. जुने पाइप फेकून द्या, "अजून चालतील की" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.