आप्पांची हत्यारपेटी आणि जुनी बीएसए: आधी वाचा, मग घासा

वारशात आलेली हत्यारपेटी उघडली की हात आधी वायर ब्रशकडे जातो. तो तिथेच थांबवा. पान्यावर छिन्नीने ठोकलेली खूण, एखाद्या दांड्याला गुंडाळलेली सुतळी, एकाच बाजूने झिजलेलं तोंड, यावरून ती पेटी कोणत्या गाडीसाठी आणि कोणत्या कामासाठी जमवली होती ते कळतं. घासल्यावर कळत नाही.

माझ्याकडे आप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची पेटी आली आणि सोबत त्यांची बीएसए एम-२० ही जुनी ब्रिटिश मोटरसायकल आली. ५०० सीसी, साइड व्हॉल्व्ह, पुढे गर्डर फोर्क. दोन्ही एकत्र आल्या हे बरं झालं, कारण पेटीतल्या बऱ्याच वस्तूंचा उपयोग गाडीशेजारी बसल्याशिवाय मला उमगलाच नसता. घरात वाटणी चालू असेल तर एवढं सांगते: एकाने गाडी आणि दुसऱ्याने पेटी घेऊ नका.

जमिनीवर जुनी चादर पसरा. पेटीतला एकेक कप्पा आहे तसा फोटोत घ्या आणि मगच रिकामा करा. एका कप्प्यात शेजारी ठेवलेली हत्यारं बहुधा एकाच कामाची असतात. आता पान्यांचे चार ढीग करा: डब्ल्यू (व्हिटवर्थ) किंवा बीएस (ब्रिटिश स्टँडर्ड) लिहिलेले, एएफ (अक्रॉस फ्लॅट्स) लिहिलेले, मिलिमीटरचे आणि काहीच न लिहिलेले.

डब्ल्यूचा ढीग सगळ्यात जास्त गोंधळ घालतो. १/४ डब्ल्यू लिहिलेल्या पान्याचं तोंड मोजलंत तर ते पाव इंच भरत नाही, ०.५२५ इंच भरतं, म्हणजे सुमारे १३.३ मिमी. तो आकडा बोल्टच्या दांड्याचा व्यास सांगतो. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचं जे प्रमाण मांडलं, त्या घराण्याची ही रीत. एएफ पान्यावर मात्र आकडा थेट तोंडाच्या रुंदीचा असतो. १/२ एएफ म्हणजे १२.७ मिमी. बीएसएफ (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन, म्हणजे बारीक आट्यांच्या) बोल्टचं डोकं त्याच व्यासाच्या मूळ व्हिटवर्थपेक्षा एक माप लहान, म्हणून एकाच तोंडावर ‘१/४ डब्ल्यू’ आणि ‘५/१६ बीएस’ असं दोन्ही लिहिलेलं दिसतं. त्यात दुसऱ्या महायुद्धात पोलाद वाचवण्यासाठी व्हिटवर्थ बोल्टची डोकीही एक माप लहान केली. त्यामुळे एकाच गाडीवर पाव इंची बोल्टला कुठे १/४ चा पाना लागतो, तर कुठे ३/१६ चा. पाना बसत नाही म्हणून तो खोटा ठरवू नका.

अशा बोल्टवर मेट्रिक पाना चालवायचा मोह होतो. १३ चा बसत नाही, १४ चा बसतो आणि सैल राहतो. त्या सैलपणाने नटाचे कोपरे गोल होतात आणि पुढचा माणूस पाइप पाना आणतो. जुन्या गाडीच्या नटांवर दातांच्या खुणा दिसल्या की समजावं, मधल्या काळात कोणाकडे तरी योग्य संच नव्हता.

आट्यांचीही तीच गोष्ट. व्हिटवर्थ आणि बीएसएफचा कोन ५५ अंश, सायकल थ्रेड (ब्रिटिश सायकल-मोटरसायकलींचे आटे), यूएनएफ (अमेरिकी बारीक आटे) आणि मेट्रिकचा ६० अंश. पाव इंचात बीएसएफ आणि सायकल थ्रेड दोन्हींना इंचाला २६ आटे असतात, म्हणजे नुसते आटे मोजून फरक कळत नाही. थ्रेड गेजची पट्टी लावून उजेडासमोर धरा आणि फट दिसते का बघा. यूएनएफला २८ आटे. त्याचा नट २६ च्या बोल्टवर एक-दोन फेरे जातो आणि अडतो. तिथे पान्याने जोर लावलात तर दोन्ही गेले. नट बोटांनी पूर्ण बसला पाहिजे. पाना फक्त शेवटी आवळायला.

राहिला चौथा ढीग, आणि माझ्या मते खरा वारसा तोच. पाइपच्या तोंडाला कानशीने पाडलेले दात, मध्येच वाकवून आखूड केलेला रिंग पाना, डोकं घासून पातळ केलेला सॉकेट. भंगारात टाकावंसं वाटेल असं सामान. कोणी तरी भर दुपारी पाना वाकवत बसलं ते उगाच नाही. गाडीवर एखादा नट असा आहे की तिथे सरळ पाना शिरतच नाही. गाडीवरच्या प्रत्येक अडचणीच्या नटाला हे नग लावून पाहा. जुळला की तारेने चिठ्ठी बांधा आणि ‘मॅग्डायनोखालचा नट’ (मॅग्डायनो म्हणजे ठिणगी देणारा मॅग्नेटो आणि डायनमो एकत्र) असं स्वच्छ लिहा. न जुळलेलेही ठेवा. आप्पांच्या पेटीतले काही अजून माझ्याशी बोललेले नाहीत.

एवढं झालं की गंजाकडे वळा. साध्या पोलादी पान्यांना सायट्रिक ॲसिड पुरतं: एक लिटर गरम पाण्यात ५० ग्रॅम. आधी ऑइल-ग्रीस पूर्ण काढा, नाहीतर ॲसिड गंजापर्यंत पोचत नाही. दर तासा-दोन तासांनी बाहेर काढून घासून बघा. विसरून आठवडाभर ठेवलेलं पोलाद खड्डे पडून बाहेर येतं. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, पुसा, लगेच गरम हवेने सुकवा आणि हलका ऑइलचा हात फिरवा. सुकवण्यात आळस केला तर डोळ्यांदेखत पिवळा गंज चढतो. क्रोम चढवलेली हत्यारं, स्प्रिंगा आणि मोजमापाची साधनं यात घालायची नाहीत. बॅटरी चार्जर लावून, म्हणजे पाण्यातून वीज सोडून, गंज काढणार असाल तर मोकळ्या हवेत करा, कारण हायड्रोजन सुटतो. आणि चार्जरच्या दुसऱ्या (धन) टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं.

छिन्नीचं डोकं ठोकून ठोकून फुललं असेल तर त्या कडा ग्राइंडरवर काढून टाका, त्याची कपची उडून डोळ्यात जाते. धार लावताना मात्र घाई नको, सारखी पाण्यात बुडवत राहा. धारेवर निळा रंग आला की तेवढ्या भागाचं पाणी, म्हणजे पोलादाचा कठीणपणा, उतरलं. हातोडीचा दांडा सैल असेल तर पाण्यात भिजवून फुगवायचा जुना उपाय करू नका. सुकला की आणखी सैल होतो. पाचर बदला. दांड्याला जवसाचं तेल लावलंत तर ती चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप पेट घेऊ शकते. उलगडून बाहेर वाळवा.

मायक्रोमीटर पुसून शून्य तपासा, ठेवताना दोन्ही टोकांत थोडी फट ठेवा. जुन्या फीलर गेजची (फट मोजायच्या संचाची) पाती त्याच मायक्रोमीटरने मोजून घ्या, कारण नेहमीची पाती झिजलेली असतात आणि नेमकी तीच आपल्याला लागतात.

म्हणजे ०.०१२ इंचाची, सुमारे ०.३० मिमी. लुकास मॅग्नेटोच्या पॉइंटचं (उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या टोकांचं) अंतर हेच. इंजिन हळूहळू फिरवून पॉइंट जास्तीत जास्त उघडले की मोजायचं. त्याआधी पॉइंट बारीक एमरीने घासून पेट्रोलच्या फडक्याने पुसा. मग पिकअप (स्लिप रिंग या फिरणाऱ्या कडीवरून वीज बाहेर नेणारा तुकडा) काढा, पेन्सिलीला मऊ कापड गुंडाळून पेट्रोलमध्ये ओलं करा, आत स्लिप रिंगवर टेकवा आणि इंजिन फिरवा. कापड काळं निघतं. ठिणगी तिथेच हरवत होती. आर्मेचर (मॅग्नेटोतला फिरणारा गाभा) बाहेर काढायची वेळ आलीच तर आधी सेफ्टी स्क्रू काढा, नाहीतर स्लिप रिंग फुटेल. गाडी थंड असताना सुरू होते आणि तापल्यावर बंद पडून पुन्हा उठत नाही, अशी तक्रार असेल तर कार्बोरेटरच्या मागे लागू नका. बहुधा मॅग्नेटोचा कंडेन्सर किंवा वाइंडिंग गेलेलं असतं, आणि ते काम जाणकाराकडेच द्यावं. प्लगचं अंतर ०.०१८ ते ०.०२० इंच.

ॲल्युमिनियमच्या कव्हरात पोलादी स्क्रू अडकला की ठोकत बसू नका. पेट्रोलची टाकी उतरवा आणि कव्हर हीट गनने तापवा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, पकड सुटते. मग इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडीच्या घावाने वळणारा स्क्रू ड्रायव्हर) लावा.

ऑइलबद्दल माझं मत ठाम आहे. इंजिन उघडून आतला गाळ काढलेला नसेल तर डिटर्जंटवालं नवं ऑइल घालू नका. वर्षानुवर्षं बसलेला गाळ सुटतो आणि ऑइलच्या वाटा तुंबतात. जुन्या पद्धतीचं मोनोग्रेड (एकाच ग्रेडचं) ऑइल घाला, इंजिन उघडाल तेव्हा बदला.

बरेच दिवस उभी असलेली एम-२० थेट किक मारून सुरू करू नका. ऑइल टाकीतलं ऑइल पंपातून झिरपत क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पेटीत, उतरलेलं असतं. तळाचा प्लग किंवा प्लेट काढून ते ट्रेमध्ये घ्या, किती निघालं ते मोजा, तेवढं टाकीत भरा. मग किक मारा आणि ऑइल टाकीचं झाकण उघडं ठेवून आत बघत राहा. परतीच्या नळीतून ऑइल आधी सलग आणि मग थांबत-थांबत, बुडबुड्यांसह पडू लागलं की पंप काम करतोय. मिनिटभरात काहीच आलं नाही तर इंजिन बंद करा आणि परतीच्या नळीपासून तपासायला सुरुवात करा.