विद्यार्थी परिषदेची निवडणूक: प्रचाराचे मुद्दे कसे शोधावेत

उमेदवारी ठरली की बहुतेकांना आधी पोस्टर सुचतं. फोटो कोणता, रंग कोणता, घोषणा काय. ते सगळं थोडं थांबू द्या. मुद्दाच नसेल तर पोस्टरवर लिहिणार काय?

सुरुवात निवडणुकीच्या नियमावलीपासून करा. खर्चाची मर्यादा, पोस्टर लावायच्या जागा, वर्गात बोलण्याची परवानगी हे तिथे कळेल. त्याच बैठकीत आपल्या पदाचे अधिकारही वाचून काढा. फी कमी करणं सहसा विद्यार्थी प्रतिनिधीच्या हातात नसतं, त्यामुळे तसलं आश्वासन देऊच नका.

मग वही घेऊन फिरा. फक्त मित्रांना विचारण्यात अर्थ नाही, त्यांची मतं तशीही मिळणारच आहेत. पहिल्या वर्षाचे, हॉस्टेलवर राहणारे, लांबून येणारे, कुठल्याच ग्रुपमध्ये नसलेले अशांना गाठा. ‘तुमच्या अडचणी काय?’ असं विचारलं तर ‘काही नाही’ हेच उत्तर येतं. ‘या आठवड्यात इथे तुमचा वेळ कशात वाया गेला?’ असं विचारून पाहा, लोक बोलायला लागतात. उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. चांगली घोषणा बहुतेक वेळा तिथेच दडलेली असते.

आता गाळणी लावा. याचा निर्णय कोण घेतं, पैसे कुठून येतील, आपल्या मुदतीत होईल का? समजा, ग्रंथालय लवकर बंद होतं अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली. ‘ग्रंथालय रात्रभर उघडं ठेवू’ हे ऐकायला छान, पण कर्मचारी कुठून आणणार? त्यापेक्षा ग्रंथपालांना आधीच भेटा. ‘परीक्षेच्या काळात दोन तास जास्त मिळावेत म्हणून ग्रंथपालांशी बोलून आलोय’ या वाक्याला वजन येतं. असे दोन-तीन मुद्दे पुरेत, दहा कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

घोषणा मोठ्याने म्हणून पाहा. नावाशी यमक जुळवायचा मोह होईल. नाही जुळलं तरी बिघडत नाही. पोस्टरवर नाव, पद आणि एक मुद्दा, चालता चालता वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत.

प्रतिस्पर्ध्यानेही तोच मुद्दा उचलला तर तो सोडू नका. कुणाला भेटलात, पुढे काय करणार, हे त्याच्यापेक्षा नेमकं सांगा.