रात्री रचून सकाळी भाजायचा अंडी-सॉसेज कॅसरोल : या चुका टाळा

कॅसरोल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पदार्थ गरम ठेवण्याचा झाकणाचा डबा येतो. येथे मात्र तो शब्द एका पदार्थाचे नाव म्हणून वापरला आहे. पसरट भांड्यात पावाचे तुकडे, परतलेले सॉसेज आणि चीज यांचे थर रचायचे, त्यांवर अंडी-दुधाचे मिश्रण ओतायचे, भांडे रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचे आणि सकाळी ब्रंचच्या वेळेला ओव्हनमध्ये भाजायचे. ही सोय इतकी मोहक आहे की अनेक जण पदार्थ समजून न घेताच तो करायला घेतात आणि मग तेच ते प्रश्न विचारत येतात: तळाशी पाणी का साचले, मधला भाग कच्चा का राहिला, पावाचा लगदा का झाला, अंडे रबरासारखे का लागले.

या सर्व प्रश्नांचे मूळ माझ्या मते एकाच गैरसमजात आहे. लोक या पदार्थाला पाव घातलेले ऑम्लेट समजतात. प्रत्यक्षात ते खारे कस्टर्ड आहे. अंड्यातील प्रथिने मंद उष्णतेने गोठताना दुधातले पाणी आपल्या जाळ्यात धरून ठेवतात आणि पाव स्पंजासारखा त्यांना साथ देतो. त्यामुळे कॅसरोल बिघडला की मी पहिला विचार पाण्याचा करते: जास्तीचे पाणी आले कोठून, आणि ते धरून ठेवायला भांड्यात कोणी होते का?

पुढील विवेचनात मी २३ × ३३ सेंटीमीटरचे, सुमारे ५ सेंटीमीटर खोल भांडे गृहीत धरले आहे. त्यासाठी ८ मोठी अंडी, ५०० मिलिलीटर सायीचे दूध, ४५० ग्रॅम सॉसेज, ३५० ग्रॅम पाव आणि २०० ग्रॅम चीज एवढे साहित्य मी घेते.

ताजा, मऊ पाव वापरणे

सर्वांत जास्त वेळा दिसणारी आणि सर्वांत सहज टाळता येणारी चूक हीच आहे. ताज्या मऊ पावात आधीच पुरेसे पाणी असते. त्यावर अंडी-दूध ओतले की बाहेरचा भाग लगेच विरघळल्यासारखा होतो, आतला भाग मात्र मिश्रण नीट शोषत नाही. उरलेले द्रव तळाशी उतरते आणि सकाळी वर पावाचा लगदा व खाली अंड्याचा घट्ट थर असा दुभंगलेला पदार्थ हाती येतो. यावर “शिळा पाव वापरा” असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो अर्धाच बरोबर आहे. पाव शिळा होतो तेव्हा तो कडक लागतो, पण त्यातले पाणी फारसे गेलेले नसते. त्यातील स्टार्चची रचना बदललेली असते, म्हणून तो कडक वाटतो. असा पाव पुन्हा तापला की मऊ पडतो. आपल्याला हवा आहे तो खरोखर वाळलेला पाव.

म्हणून पाव कितीही शिळा असला तरी मी त्याचे अडीच सेंटीमीटरचे तुकडे करते, ट्रेमध्ये एका थरात पसरते आणि १५० अंश सेल्सिअसवर १५ मिनिटे ओव्हनमध्ये वाळवते; मधे एकदा ते हलवते. तुकड्यांना रंग येऊ द्यायचा नाही. एक तुकडा बोटांत दाबून पाहावा: कडा टणक लागल्या, मध्यभाग किंचित दबला आणि तुकडा ट्रेवर टाकल्यावर हलका खडखड आवाज आला, की पाव तयार आहे. पाव घट्ट विणीचा असावा. पातळ कापलेला, कापसासारखा सँडविचचा पाव वाळवूनही टिकत नाही, हे मी अनेकदा करून पाहिले आहे.

वाळवलेला पाव वापरायचा तर त्याला मुरायला वेळ द्यावाच लागतो. “अर्धा तास भिजवला तर चालेल का?” असे विचारणाऱ्यांना मी स्पष्टपणे नाही म्हणते. पदार्थ खाण्यायोग्य होईल, पण तुकड्याच्या गाभ्यात कोरडी गाठ राहील आणि ती प्रत्येक घासात जाणवेल. ८ ते १२ तास हा योग्य अवधी आहे. २४ तासांपलीकडे मात्र मी कच्चे मिश्रण फ्रिजमध्ये ठेवत नाही, कारण तोवर पावाची वीण सुटू लागते. मिश्रण ओतल्यावर वरचे तुकडे तरंगतात, म्हणून मी त्यांवर बटर-पेपर पसरते, तळहाताने हलकेच दाबते आणि झोपण्यापूर्वी एकदा फ्रिज उघडून पुन्हा दाबते. हे दुसरे दाबणे लोक विसरतात आणि मग वरचा थर कोरडा राहिला म्हणून दूध वाढवतात.

सॉसेज कच्चे किंवा गरम घालणे

ओव्हनमध्ये शिजणारच आहे, मग आधी कशाला परतायचे, हा विचार वेळ वाचवण्याचा वाटतो, पण त्याने पदार्थाचे नुकसानच होते. कच्चे सॉसेज शिजताना चरबी आणि पाणी दोन्ही सोडते. ते दोन्ही अंड्याच्या मिश्रणात उतरते, मांसाला करडा रंग येतो आणि भाजल्याने मिळणारी खरपूस चव कधीच येत नाही. शिवाय कच्चे मांस रात्रभर पावात मुरवणे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही मला मान्य नाही.

सॉसेजचे आवरण काढावे आणि मांस मध्यम-मोठ्या आचेवर मोडत मोडत परतावे. येथे कानांनी काम करावे लागते. सुरुवातीला पाणी सुटते आणि तव्यातून ओलसर, जड चुरचुर ऐकू येते. त्या क्षणी मांसाचा गुलाबी रंग गेलेला असतो, म्हणून उतावळे लोक गॅस बंद करतात. आणखी चार-पाच मिनिटे थांबावे. पाणी आटले की आवाज बदलतो, कोरडी तडतड सुरू होते आणि तुकड्यांच्या कडा तांबूस होऊ लागतात. तेथून पुढे दोन मिनिटांत सॉसेज तयार होते. मग ते झाऱ्याने निथळून कागदावर काढावे आणि ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्यावे. गरम सॉसेजवर मिश्रण ओतले तर अंडे जागच्या जागी गोठून त्याचे धागे होतात, आणि कोमट झालेले भांडे फ्रिजमध्ये थंड व्हायला फार वेळ घेते. ४ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, त्यामुळे अंडी, दूध आणि मांस एकत्र असलेले भांडे त्या पट्ट्यात जितका कमी वेळ राहील तितके चांगले.

परतलेल्या सॉसेजचा एक तुकडा चाखल्याशिवाय अंड्यात मीठ घालू नये. सॉसेज आणि चीज दोन्ही खारट असतात. बहुतेक वेळा या प्रमाणाला अर्धा चहाचा चमचा मीठ पुरते.

भाज्यांचे पाणी

मशरूम, पालक, टोमॅटो, ढोबळी मिरची यांपैकी काहीही कच्चे घालू नये. मशरूम पाणी आटेपर्यंत परतावेत, पालक वाफवून मुठीत घट्ट पिळावा आणि टोमॅटोच्या बिया व रस काढून टाकावा. बटाटा घालायचा असेल तर तो आधी शिजवलेला हवा, कारण अंडे गोठण्याच्या तापमानाला बटाटा शिजत नाही.

चीज शक्यतो घरी किसावे. पाकिटातल्या तयार किसाला गुठळ्या होऊ नयेत म्हणून स्टार्च लावलेला असतो आणि तो सलग वितळत नाही. सायविरहित दुधाने कस्टर्ड पाणचट होते. अंडी काट्याने चार वेळा ढवळून सोडू नयेत. पांढऱ्याचे तंतू पूर्ण मोडेपर्यंत फेटावीत आणि मगच दूध घालावे.

वरचा रंग पाहून पदार्थ झाला असे ठरवणे

ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिचा मनस्ताप आजही आठवतो. बहिणीच्या घरी ब्रंचला १६ माणसे येणार होती. माझी कृती ८ जणांची, म्हणून सगळे साहित्य दुप्पट केले आणि १६ अंड्यांचे मिश्रण एकाच मोठ्या, खोल भांड्यात भरले. भांडे सुमारे १० सेंटीमीटर भरले होते. सकाळी ते फ्रिजमधून काढून थेट १८० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवले. ५० मिनिटांनी वरचे चीज सोनेरी झाले, कडा फुगल्या, घरभर वास सुटला आणि मी समाधानाने भांडे टेबलावर नेले. पहिले दोन तुकडे कोपऱ्यांतून कापले. ते उत्तम होते. तिसऱ्या तुकड्यासाठी उलथने मध्यभागी घातले, तेव्हा वरचा सोनेरी थर सायीसारखा सरकला आणि खालून फिकट पिवळे, कच्चे द्रव वाहत ताटात आले. भांडे परत ओव्हनमध्ये गेले. मधला भाग शिजायला आणखी ५० मिनिटे लागली, आणि तोवर कडांचे अंडे इतके आवळले की त्यातून पाणी सुटून भांड्याच्या काठाने साचले. लोक फळे आणि कॉफी घेत बसून राहिले. कोणी काही बोलले नाही, पण बहिणीने माझ्यावर टाकलेला भरवसा मी पाळू शकले नाही याचे वाईट वाटले.

त्या एका सकाळी तीन चुका एकत्र झाल्या होत्या. पहिली म्हणजे जाडी. उष्णता कडेकडून आत जाते, आणि थराची जाडी दुप्पट झाली की गाभ्यापर्यंत पोहोचायला तिला दुपटीहून कितीतरी अधिक वेळ लागतो. म्हणून माणसे दुप्पट असतील तर भांडी दोन घ्यावीत. खोल भांडे हा पर्याय नाही. दुसरी चूक म्हणजे फ्रिजमधल्या ४ अंशांच्या पदार्थाला बाहेरच्या पदार्थाइतकाच वेळ देणे. आता मी भांडे भाजण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढून ठेवते, त्याहून जास्त नाही. तेवढ्यात गाभा फारसा तापत नाही हे मला माहीत आहे, पण काचेच्या भांड्यासाठी हा अर्धा तास महत्त्वाचा असतो: थंडगार काच एकदम गरम ओव्हनमध्ये गेली तर ती तडकू शकते, आणि मग काचेचे कण पडलेला सगळा पदार्थ टाकून द्यावा लागतो. घाई असेल तर धातूचे भांडे वापरावे.

तिसरी आणि मुख्य चूक म्हणजे डोळ्यांवर विश्वास ठेवणे. चीजला रंग येणे हे फक्त वरच्या पृष्ठभागाचे वर्तमान सांगते. मी आता १७५ अंशांवर पहिली ३० मिनिटे भांडे फॉइलने झाकते, फॉइलच्या आतल्या बाजूला बटर लावते म्हणजे चीज चिकटत नाही, आणि नंतर फॉइल काढून २० ते ३० मिनिटे भाजते. मग अन्नाचा थर्मामीटर मध्यभागी, भांड्याच्या तळाला न टेकवता, खुपसते. ७१ अंश सेल्सिअस दिसले की अंडे सुरक्षित असते. कोंबडीचे सॉसेज असेल तर मी ७४ अंशांपर्यंत थांबते. ८५ अंशांच्या पुढे गेले की प्रथिनांचे जाळे आवळते आणि धरलेले पाणी बाहेर टाकते. तळाशी साचणारे पाणी पुष्कळदा असे येते, आणि लोक ते पाहून पदार्थ अजून कच्चा आहे असे समजून आणखी भाजतात. कच्चे द्रव पिवळसर आणि दाट असते, जास्त भाजल्याने सुटलेले पाणी पातळ आणि जवळजवळ पारदर्शक असते. चमच्यावर थोडे घेऊन पाहिले की फरक लगेच कळतो. थर्मामीटर नसेल तर मध्यभागी सुरी उभी घालून पाहावी आणि भांडे हलकेच हलवावे. सुरीला ओले अंडे लागू नये, आणि मध्यभाग सलग थरथरावा, लाटेसारखा हलू नये.

लगेच कापणे

ओव्हनमधून काढल्यावर १० ते १५ मिनिटे भांड्याला हात लावू नये. फुगलेला पदार्थ या वेळात खाली बसतो, आतली उष्णता सारखी पसरते आणि तुकडे स्वच्छ निघतात. पाहुणे वेळेवर जेवायला बसावेत म्हणून ही १५ मिनिटे मी भाजण्याच्या वेळेतच धरते आणि त्यानुसार मागे मोजून ओव्हन सुरू करते.

उरलेला भाग दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावा. तो ३ ते ४ दिवस टिकतो. आठवडाभर आधी करून ठेवायचा असेल तर कच्चे मिश्रण न गोठवता पदार्थ भाजून, पूर्ण गार करून, तुकडे वेगवेगळे गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवावेत. पुन्हा गरम करताना ते फॉइलखाली १६० अंशांवर ठेवून मध्यभाग ७४ अंशांपर्यंत येऊ द्यावा. मायक्रोवेव्ह वापरायचाच असेल तर अर्ध्या शक्तीवर, एका वेळी एकच तुकडा ठेवावा.