सरपंचांची यादी: एकाच ओळीनं मला दोनदा तोंडघशी पाडलं

तालुक्यातल्या सरपंचांची यादी ठेवायचं काम संस्थेनं दिलं, तेव्हा वाटलं, यात काय एवढं? तहसीलच्या निवडणूक शाखेतून निकाल आणायचा, एक्सेलमध्ये भरायचा, पाच वर्षं निवांत.

निवांत कसलं! यादीवरून कार्यक्रमपत्रिका छापली आणि ज्या ताईंना सरपंच म्हटलं, त्या दोन महिन्यांपूर्वीच अपात्र ठरलेल्या. दुसऱ्या दिवशी रागानं ती ओळच उडवली, उपसरपंचांना प्रभारी म्हणून टाकलं. थोड्याच दिवसांत ताईंचा फोन. विभागीय आयुक्तांकडच्या अपिलात स्थगिती मिळालेली, त्या पदावरच! माझ्याकडे त्यांची जुनी नोंदही उरली नव्हती.

निकालपत्रक फक्त त्या दिवशी कोण निवडून आलं ते सांगतं. आज खुर्चीत कोण, हे नाही. मध्ये राजीनामा येतो, अविश्वास ठराव येतो, जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही म्हणून पद जातं, निवडणूक खर्च सादर केला नाही म्हणून जातं. अपात्रतेचा आदेश निघतो जिल्हाधिकारी कार्यालयातून, अपील जातं आयुक्तांकडे, आणि आपण बसतो तहसीलचा कागद कुरवाळत. म्हणून प्रत्येक ओळीला चार रकाने हवेतच: कधीपासून, कधीपर्यंत, कोणत्या आदेशानं (क्रमांक, दिनांक) आणि आपण शेवटचं कधी तपासलं. ओळ खोडायची नाही. स्थगिती आली तरी खाली नवी ओळ.

२०२१च्या निवडणुकांचे निकाल चाळताना सरपंच सापडला नाही, तर घाबरू नका. थेट निवड २०१७ला आली, २०२०त गेली, २०२२त परतली. मधल्या काळात सरपंच सदस्यांनी निवडला, त्याचं इतिवृत्त वेगळं.

नावावरून जुळवणी करूच नका. देवेंद्र फडणवीसांनी ५ डिसेंबर २०२४ला शपथ घेतली ती 'देवेंद्र सरिता गंगाधरराव फडणवीस' अशी. गावात तर माहेरचं-सासरचं नाव वेगळंच. ग्रामपंचायतीचा एलजीडी कोड (केंद्र सरकारच्या 'लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी'तला तिचा स्वतंत्र क्रमांक) धरा.

'माहिती अधिकार टाक' असं सांगणारे गुरू भेटतील. तीस दिवसांनी उत्तर येईतो सरपंच बदललेला असतो. व्हॉट्सॲपवरच्या याद्या त्याहून वाईट, त्यात निम्मे नंबर सरपंचपतींचे. पंचायत समितीत विस्तार अधिकाऱ्यांसमोर तासभर बसा, चहा प्या, रजिस्टर बघा. पहिल्या दोन महिन्यांत चुका होतील, माझ्याही झाल्या.

त्या ताईंच्या गावाला यादीत आता पाच ओळी आहेत. भेटल्या की विचारतात, "काय दादा, आज मी आहे ना सरपंच?"